ब गटाने काहीही करायचं नाही

सोमवार, २ मार्च

आजपासून सहा आठवडे मी काहीही करायचं नाही. हे मी ठरवलेलं नाही. ताईने चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीसाठी तिला प्रबंध लिहायचा आहे: व्यायामाने तरुण माणसांच्या पायांची लवचिकता आणि तोल किती सुधारतो. गेल्या वर्षी तिने म्हाताऱ्यांच्या मानेवर प्रबंध लिहिला. निम्मे म्हातारे मधेच लेकीकडे राहायला निघून गेले आणि सरांनी प्रबंध परत पाठवला. यंदाही परत आला तर पदवी नाही, आणि हाडांच्या दवाखान्यात तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. म्हणून या वेळी तिने तरुण निवडले. तिला तीस जण हवे होते, एकोणतीस मिळाले. मी एका पायावर तयार झालो.

कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांची मोजणी झाली. आधी एका लाकडी खोक्याला तळपाय टेकून, पाय लांब करून बसायचं आणि हात पुढे सरकवायचे. माझी बोटं पायाच्या अंगठ्यापासून अकरा सेंटीमीटर अलीकडेच थांबली आणि पुढे जायला तयार होईनात. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मी चार सेकंद राहिलो. त्यातला एक सेकंद ताईने घड्याळ उशिरा बंद केल्यामुळे मिळाला.

मग चिठ्ठ्या. अ गटाने रोज अर्धा तास व्यायाम करायचा, ब गटाने काहीही करायचं नाही, जसे आहात तसेच राहायचं. व्यायामाने काय फरक पडला हे कळायला कुणीतरी बिनव्यायामाचंही लागतं म्हणे. मला ब आला. घरी ताईने हे आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बरं झालं. हे काम त्याला जमेल."

प्रत्येकाला एकेक तक्ता मिळाला आहे. अ गटाने 'व्यायाम केला' यापुढे खूण करायची, आम्ही 'नेहमीसारखा दिवस' यापुढे. बेचाळीस दिवस नुसती खूण करण्यात माझी बेचाळीस दिवसांची बदनामी आहे, म्हणून मी ही डायरी काढली. ही गेल्या वर्षीची आहे. कपबश्यांच्या कंपनीने आमच्या मालकांना दिली आणि मालकांनी वर्ष संपल्यावर मला दिली. छापलेले वार एका दिवसाने चुकतात, ते खोडून खरे लिहावे लागतात. प्रत्येक पानाच्या तळाशी एक कपबशी आहे.

मंगळवार, ३ मार्च

मी काचसामानाच्या दुकानात काम करतो. तिथे मला भूकंप म्हणतात. हे नाव माझ्यावर अन्याय करणारं आहे, कारण पाच वर्षांत मी फक्त नऊ वेळा पडलो.

नववी वेळ आज होती. सर्वांत वरच्या फळीवरून झाकणाचं सूपपात्र काढत होतो. एका हातात पात्र, दुसऱ्या हातात झाकण, म्हणजे शिडी धरायला हात उरलाच नाही. मी खाली आलो, पात्र माझ्या आधी आलं. झाकण शाबूत आहे.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "उद्यापासून तू खालीच बरा." आणि स्वतः शिडीवर चढले. मालक त्रेसष्ट वर्षांचे आहेत, त्यांचा चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला असतो आणि चढताना ते प्रत्येक पायरीला "हं" म्हणतात. मी चोवीस वर्षांचा, खाली उभा राहून कागदात कप गुंडाळत होतो. गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तरुणांना लाज नाही उरली." मला फार वाईट वाटलं.

गुरुवार, ५ मार्च

ताईने अ गटाचं सूचनापत्रक घरीच छापलं आणि एक प्रत फ्रिजच्या दारावर लावली. मी त्याकडे बघत नाही. पण दूध फ्रिजमध्ये असतं.

वाचायला काय हरकत आहे? पत्रकात पहिलंच असं आहे की भिंतीला दोन्ही हात टेकायचे, एक पाय मागे न्यायचा, मागची टाच जमिनीवरून उचलायची नाही आणि पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे कलायचं, तीस आकडे. आता भिंतीला टेकून उभं राहणं हा काही व्यायाम नव्हे. दुकानात मी दिवसभर तेच करतो, फक्त टाच उचललेली असते. मी टाच टेकवून पाहिली. पोटरी तुटतेय असं वाटलं. मग दुसऱ्या पायाला अन्याय नको म्हणून दुसऱ्या पायानेही पाहिली.

तक्त्यावर 'नेहमीसारखा दिवस' यापुढे खूण केली.

शनिवार, ७ मार्च

पत्रकातलं दुसरं: टाच खुर्चीवर ठेवून पाय सरळ करायचा आणि पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुकायचं, म्हणजे मांडीमागचा स्नायू मोकळा होतो. आई स्वयंपाकघरात आणि ताई कॉलेजात असताना मी ताईच्या अभ्यासाच्या खुर्चीवर टाच ठेवली. त्या खुर्चीला चाकं आहेत.

खुर्ची खिडकीपर्यंत गेली. माझा एक पाय तिच्याबरोबर गेला, दुसरा दाराशी राहिला आणि मी दोघांच्या मधे. लवचिकता म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

"काय पडलं रे?" आईने विचारलं.

"शब्दकोश."

"दोनदा?"

"दोन खंड आहेत गं."

रविवार, ८ मार्च

सकाळी उठलो तर माझ्या खोलीत स्वयंपाकघरातलं चार पायांचं जड स्टूल आलं होतं. भिंतीजवळचं टेबलही खिडकीकडे सरकलेलं होतं आणि जमिनीवर जुनी सतरंजी दुमडून टाकलेली होती. आईला आवराआवरीची उबळ येते कधी कधी. मला ते सोयीचंच पडलं, पण तिला हे कसं सुचलं कोण जाणे.

शनिवार, १४ मार्च

केस कापायला गेलो. सलूनवाला आमच्याच ब गटात आहे. पूर्वी त्याचा हात इतका सफाईदार होता की गिऱ्हाईकाला डुलकी लागायची. आज माझे डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा दोन बोटं वर गेले. मी आरशात पाहिलं तर तो कापताना एका बाजूला कलत होता आणि मधेच माझ्या खांद्याचा आधार घेत होता.

"पाय दुखतोय का?" मी विचारलं.

"नाही हो, फरशी उतरती आहे," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं. बिचाऱ्याला वयाच्या पंचविशीतच काहीतरी झालेलं दिसतं. त्याच्या आरशाला पैलवानाचं सूचनापत्रक अडकवलेलं होतं. पैलवान म्हणजे आमचा शेजारी. तो अ गटात आहे, व्यायामशाळेत जातो आणि त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे आहेत. दाढी करायला आला तेव्हा पत्रक इथे विसरला म्हणे. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं ते वाचत होती. मासिकं जुनी झाली की माणसं काहीही वाचतात.

बुधवार, १८ मार्च

ताईची पुस्तकं परत करायला कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. मला काही घाई नव्हती, पण मी धावत गेलो. तिथे काउंटरवर जी असते तीही ब गटात आहे. मोजणीच्या दिवशी ती माझ्या पुढे होती आणि डोळे मिटून सहा सेकंद उभी राहिली होती. तेव्हा पडताना ती हसली. पडताना हसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पडतो तेव्हा इतर हसतात.

आज ती शिक्का मारत होती आणि काउंटरखाली एक पाय वर धरून उभी होती, बगळ्यासारखी. नवीन बूट चावत असणार. मला तिची दया आली. मी रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानातून चिकटपट्टी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?" ती म्हणाली.

"टाचेला लावा. आराम पडेल."

तिने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पटकन पाय खाली टेकला आणि लाल होऊन म्हणाली, "थँक्यू हं." इतक्या हळू की मला ऐकूच आलं नसतं, पण लायब्ररीत शांतता असते. पुढे काय बोलावं ते सुचेना. मी "सात दिवसांनी येतो" म्हणालो आणि निघालो. माझ्याशी ती कशाला बोलेल! केस दोन बाजूंना दोन उंचीचे असलेला माणूस मी.

रविवार, २२ मार्च

पैलवान जिन्यात भेटला. "व्यायाम चालू आहे ना?" मी त्याला विचारलं, कारण ताईची मला काळजी आहे.

"झालं की!" तो म्हणाला.

"आजचा?"

"सगळाच. आणि पायांना कसला रे वेगळा व्यायाम? पाय चालतातच की दिवसभर." त्याने खिशातून तक्ता काढून दाखवला. एप्रिलच्या बारा तारखेपर्यंत सगळ्या खुणा करून झालेल्या. पुढच्या तीन आठवड्यांच्या खुणा आधीच करून टाकल्या, इतका त्याचा निश्चय पक्का! ताईला अशी माणसं मिळाली हे तिचं नशीब. मी तिचा सख्खा भाऊ, आणि मी मात्र गुपचूप उशीवर एका पायावर उभा राहतो. (आज सतरा सेकंद. डोळे उघडे.)

शुक्रवार, २७ मार्च

दात घासताना डावा पाय वर, चूळ भरताना उजवा. स्वयंपाकघरात जाताना एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत फरशीच्या सरळ रेषेवरून चालायचं. आज असाच चालत होतो आणि ताई समोर आली.

"असा काय चालतोयस?"

"फरशी पुसलीय. पाय उमटू नयेत म्हणून."

"फरशी कोरडी आहे."

"म्हणूनच कोरडी आहे."

आई गॅसपाशी होती. तिला ठसका लागला आणि बराच वेळ थांबेना. पाणी द्यावं लागलं.

मंगळवार, ३१ मार्च

आज जेवताना ताई बरीच बोलली. ती दिवसभर रुग्णांचे पाय वाकवते, घरी येऊन आकडे लिहिते, आणि लिहिता लिहिता तिथेच झोपते. झोपेत घोरते, ते ट्रक उताराला लागल्यासारखं ऐकू येतं.

ती म्हणाली, "लोकांना वाटतं अ गट महत्त्वाचा. तसं नाहीये. अ गटातल्या एखाद्याने आळस केला तरी चालेल. ब गट हा माझा पाया आहे. तो हलला की सगळं खलास. पण ब गटात तू आहेस, त्यामुळे मला चिंता नाही. काही न करण्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

उद्यापासून बंद. एकदम बंद. दात दोन पायांवर घासायचे.

बुधवार, १ एप्रिल

बंद केलं. सकाळी दहापर्यंत.

माझा दोष नाही. सूचनापत्रक मी पाठ केलं, ते आता पायांनाही पाठ झालं आहे. रस्ता ओलांडायला थांबलो की एक पाय आपोआप वर जातो. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी मला विचारलं, "काय टोचलं, बाळ?"

बुधवार, ८ एप्रिल

आज दुकानात मोठी गोष्ट घडली. मालक वरच्या फळीवरून काचेचा पाण्याचा जग काढत होते. "हं" म्हणाले, पण पुढची पायरी तिथे नव्हती. शिडी डगमगली, मालक लोंबकळले आणि जग सुटला. मी उजव्या पायावर उभा राहिलो, डावा मागे फेकला, कमरेतून पुढे झुकलो (पाठ न वाकवता!) आणि जग हवेतच धरला. दुसऱ्या हाताने शिडी धरली. आणि पडलो नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात काहीतरी हातातून सुटलं आणि फुटलं नाही.

मालक उतरले. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "भूकंपा, उद्यापासून शिडी तुझी." मला रडूच आलं. ते मी कप गुंडाळायच्या कागदाने पुसलं, त्यामुळे गालावर बातम्या उमटल्या.

आता थांबणं शक्य नाही. शिडी माझी आहे. पंधरातल्या एकाने थोडी फसवणूक केली म्हणून काय बिघडतं? चौदा जण तर प्रामाणिकपणे काही करत नाहीत ना!

सोमवार, १३ एप्रिल

आज शेवटची मोजणी. मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो: खोक्यापाशी अकरा सेंटीमीटर अलीकडे थांबायचं, एका पायावर चार सेकंदांनी पडायचं. पडणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

आधी अ गट. पैलवान तीन सेकंदांत कोसळला. बाकीचेही यथातथाच. ताईच्या कपाळावर आठी आली. मग ब गट. सलूनवाला उभा राहिला आणि उभाच राहिला. अडतीस सेकंद! मग लायब्ररीवाली. डोळे मिटून, हात कमरेवर, बूट काढून ठेवलेले, आणि चेहऱ्यावर ते हसू. बेचाळीस सेकंद. मला नवल वाटलं, काही लोकांना तोल उपजतच असतो, पण तो सहा आठवडे दडून कसा बसतो?

मग माझी पाळी आली. मी डोळे मिटले. चार सेकंद झाले. पाच झाले. आता पडायचं, असं मी पायाला सांगितलं. पण ती समोर उभी होती आणि तिने बेचाळीस केले होते. मी पडलो नाही. शेहेचाळीस सेकंद. डोळे उघडले तेव्हा ब गट टाळ्या वाजवत होता. ताई हातातल्या घड्याळाकडे बघत होती आणि तिचा रंग उडाला होता.

मंगळवार, १४ एप्रिल

ताईचं खोलीचं दार बंद आहे. आईने चहा दाराबाहेर ठेवला, तो तसाच गार झाला. दुपारी ती बाहेर आली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून म्हणाली, "आई, व्यायाम करणाऱ्यांचं जिथल्या तिथे आहे आणि काही न करणारे सुधारलेत. काय लिहू मी? तोल सुधारायचा असेल तर काहीही करू नका, असं?"

मी फ्रिजमध्ये डोकं घालून दूध शोधत राहिलो. दूध समोरच होतं.

बुधवार, १५ एप्रिल

आज तिने आकडे पाचव्यांदा तपासले. मग मला म्हणाली, "मोजणीत माझीच चूक झाली असणार. उद्या सरांना तसं सांगते. मला मोजताच येत नाही. दोन वर्षं गेली ती गेली." ती रडत नव्हती. रडली असती तर मी अजून थोडा वेळ गप्प बसलो असतो.

मी म्हणालो, "ताई, मोजणी बरोबर आहे. मी रोज करत होतो."

"काय करत होतास?"

"सगळं. उशीसकट."

तिने पायातली चप्पल काढून फेकली. मी एका पायावर झुकून ती चुकवली. दुसरी फेकली, तीही दुसऱ्या पायावर चुकवली. ताई थांबली. "तोल खरंच सुधारलाय रे मेल्या," ती म्हणाली आणि मग मात्र रडली. आई दारातून म्हणाली, "मी सांगणार होते. पण पोरगं पहिल्यांदाच काहीतरी नेमाने करत होतं."

रडून झाल्यावर ताईने डोळे पुसले. "पण तू एकटा. बाकीचे चौदा कसे सुधारले?"

आम्ही दोघं सलूनमध्ये गेलो. ताईने आरशाला अडकवलेलं पत्रक पाहिलं. ते इतक्या हातांतून गेलं होतं की त्याचा रुमाल झाला होता. सलूनवाल्याने कात्री खाली ठेवली. "मॅडम, काही करू नका म्हटलं की माणसाचे पाय वळवळतात हो," तो म्हणाला. "आणि ब गटातले बहुतेक माझ्याकडेच केस कापून घेतात. त्यांनी उतरवून घेतलं आणि बाकीच्यांना दिलं." मग पैलवानाकडे गेलो. तो म्हणाला, "करणार होतो ताई, पण पत्रकच हरवलं." त्याच्या गटातल्या बाकीच्यांनाही फोन केले. रोज करा म्हटल्यावर रोज उद्यापासून करणार होते सगळे.

लायब्ररीत मी गेलो नाही. ताई एकटी गेली. तीही करत होती म्हणे, काउंटरखाली. मी यावर अजून विचार करतो आहे.

गुरुवार, १६ एप्रिल

सरांकडे दोघं गेलो. ते बारीक, उंच, आणि हसू कुणाकडून तरी उसनं आणावं लागेल असे आहेत. ताईने सगळं सांगितलं. चूक माझी होती, तरी तिने "आमची" म्हटलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आकड्यांना हात लावायचा नाही. गटही बदलायचे नाहीत. जे घडलं तेच लिहा. कर म्हटल्यावर माणूस करत नाही आणि नको म्हटल्यावर करतो, हे रोज दवाखान्यात दिसतं, पण मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. मात्र पुरावा लागेल. कुणी, कधी, काय केलं?"

ताईने तक्ते काढले. अ गटाचे सगळे म्हणतात केलं, ब गटाचे सगळे म्हणतात नेहमीसारखा दिवस. तीस तक्ते, तीसही खोटे. सर उठायला लागले.

मी म्हणालो, "एक खरं आहे लिहिलेलं. पण ते खाजगी आहे."

"तारखांसकट?"

"हो. वार मात्र खोडलेले आहेत."

"सबंध लागेल. निवडक पानं म्हणजे पुरावा नव्हे. छायाप्रत काढून शेवटी परिशिष्ट म्हणून जोडा."

शुक्रवार, १७ एप्रिल

काल रात्रभर डायरी वाचली. यात ताईचं घोरणं आहे. मालकांचं "हं" आहे. मी गालावर बातम्या उमटेपर्यंत रडलो ते आहे. आणि अठरा मार्चचं पान आहे. ते एक पान तरी फाडावं म्हणून मी फूटपट्टीही घेऊन बसलो होतो.

मग ताईच्या खोलीतून ट्रक उताराला लागला. चार दिवसांनी ती झोपली होती. मी फूटपट्टी ठेवून दिली. सकाळी डायरी तिच्या टेबलावर ठेवली. प्रबंध कुणी वाचत नाही, असं तीच नेहमी म्हणते.

बुधवार, २० मे

ताई पास! तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई परिशिष्ट तीन वाचत इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी हा भूकंप कोण तो दाखवा म्हणून मला आत बोलावलं आणि डोळे मिटून उभं केलं. एक मिनिट दोन सेकंद. सर हसले. एकदाच, पण मी पाहिलं.

दवाखाना पहिल्या तारखेपासून. आईने ताईला जवळ घेतलं, ताईने मला, आणि मधेच पुटपुटली, "मी ट्रकसारखी घोरते काय रे?"

बुधवार, २७ मे

ताईची शेवटची पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेलो. महिनाभर मी तो रस्ताच टाळला होता. काउंटरवर ती होती, दोन्ही पायांवर. तिच्यापुढे निळ्या बांधणीचा ताईचा प्रबंध होता. मला कुणी सांगितलंच नाही की पास झालेला प्रबंध लायब्ररीत जमा होतो आणि त्याची नोंद तीच करते.

पायाखालची जमीन सरकली. मी म्हणालो, "नोंद करताना आत उघडून बघावं लागत नाही ना?"

"शीर्षक आणि पानं बघायची असतात," ती म्हणाली. "मी सात दिवस बघत होते."

तिने खणातून चिकटपट्टी काढून ठेवली. वेष्टनही उघडलेलं नव्हतं. "नोंदीत एक चूक आहे. माझा बूट चावत नव्हता." मग तिने प्रबंध फिरवून माझ्यापुढे सरकवला. अठरा मार्चचं पान, तळाशी कपबशी. 'माझ्याशी ती कशाला बोलेल' याच्या शेजारी समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: 'विचारून बघायला काय हरकत होती?'

लायब्ररीची माणसं पुस्तकात लिहीत नाहीत. तसं केलं तर दंड असतो, भिंतीवर पाटीच आहे.

मी तेव्हा दोन्ही पायांवर उभा होतो. डोळे उघडे होते, फरशी कोरडी होती, हातात काचेचं काहीही नव्हतं. तरी पडलो. पुस्तकांच्या गाड्यासकट.

ती काउंटरवरून वाकून बघत हसत होती आणि या वेळी खाली पडलेला मीही हसत होतो. मग मी तिथूनच विचारलं. ती "हो" म्हणाली. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही, ती लगेच घड्याळ घेऊन मोजायला येईल.